नेरळच्या घाटांतील रूळ

नेरळाहून माथेरानास जाणारा दोन फूट रुंदीचा रूळमार्ग २२ मार्च १९०७ रोजीं खुला झाला. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द यांच्या बळावर तीन वर्षांत हें काम उभें राहिलें. खर्च १६ लाख रुपये आला. सुमारें २१ किलोमीटरांच्या या वाटेंत वीस फुटांस एक फूट असा चढ आणि अतिशय तीव्र वळणें असल्यामुळें इंजिनांचे आंस बाजूस किंचित् सरकतील अशी योजना करावी लागली. या करामतीचें कौतुक पुष्कळ झालें आहे. परंतु मृगाचा पाऊस तेव्हां तीन महिन्यांच्या आंत येऊन ठेपणार होता, आणि घाट चढण्याहूनही बिकट प्रश्न त्याच्याबरोबर येणार होता: वाटेवर जें कोसळेल, तें दूर कसें करावयाचें?

थंड देशांतील रेल्वेंना हाच प्रश्न बर्फानें आधींच घातला होता. तेथें उपाय दोन होते. इंजिनाच्या तोंडाशीं लोखंडी फाळ बांधून बर्फ बाजूस लोटीत जावयाचें, हा पहिला. दुसरा फिरत्या चक्राचा. ही कल्पना जे. डब्ल्यू. एलियट या कॅनडांतील दंतवैद्यानें १८६९ सालीं मांडली. (दांत कोरणाऱ्यास बर्फ कोरण्याची युक्ति सुचावी, यांत तसें नवल नाहीं.) पुढें १८८० नंतरच्या दशकांत तसें यंत्र प्रत्यक्ष रुळांवर आलें. त्याचें चक्र स्वतःच्या वाफेवर फिरे, बर्फ कापून दूर भिरकावी, आणि मागून दुसरीं इंजिनें त्यास पुढें ढकलीत. मोटाररस्त्यांसाठीं आर्थर सिकार यानें असाच फेकयंत्राचा प्रकार १९२५ सालीं कॅनडांतच सिद्ध केला.

नांगर स्वस्त आणि वेगवान. परंतु लोटलेला बर्फ ठेवण्यास बाजूला जागा हवी. दोन्ही अंगांस उंच भिंती असल्या म्हणजे दाबला गेलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो आणि नांगर त्यांतच रुततो. तेथें चक्र उपयोगीं पडतें. तें महाग, संथ आणि नाजूक; मात्र कितीही खोल बर्फ दूर उडवून देतें. त्याचें वैर एकाच गोष्टीशीं: बर्फांत दडलेले धोंडे आणि झाडांचीं खोडें त्याचीं पातीं मोडतात. अमेरिकेंतील वॉशिंग्टन प्रांतांत वेलिंग्टन येथें १९१० सालीं ही उणीव जिवावर बेतली. डोंगरावरून आलेल्या घसरणींनीं वाट अडली, चक्रांचे नांगर हतबल झाले, गाड्या दिवसचे दिवस अडकून राहिल्या, आणि १ मार्च रोजीं बर्फाचा कडा कोसळून ९६ माणसें प्राणांस मुकलीं.

नेरळच्या घाटांत बर्फ नाहीं. आहे तो काळा कातळ आणि माथ्यावरची तांबडी जांभ्याची माती. म्हणजे जें चक्राचे दांत मोडतें, तेंच येथें सारें! मग नांगर? एका हातास डोंगराची कापलेली भिंत आणि दुसऱ्या हातास दरी, तेव्हां राडारोडा दरींत लोटून द्यावा, हें कागदावर सोपें दिसतें. परंतु दोन फुटी रुळांवरचें हलकें इंजिन मोठ्या धोंड्यास भिडलें तर धोंड्याआधीं तेंच रुळांवरून उतरावयाचें. शिवाय ही वाट वळसे घेत एकाच उतारावरून पुनः पुनः जाते. वरच्या वळशावरून लोटलेला दगड खालच्या वळशावर येऊन पडला तर मिळविलें काय?

खरा भेद याहून खोल आहे. बर्फ वाटेवर बसतो, पण खालची वाट जागच्या जागीं ठेवतो. पाऊस भराव पोखरून वाटच घेऊन जातो, आणि रूळ अधांतरीं लोंबत राहतात. जें नाहींसें झालें, तें कोणत्या यंत्रानें झाडावें?

म्हणून नेरळकरांचें यंत्र म्हणजे पंचांग ठरलें. कित्येक दशकें हा मार्ग पावसाळ्यांत बंद ठेवण्याचा प्रघात होता. पाऊस सरला म्हणजे कुदळ, पहार आणि घमेलें घेतलेलीं माणसें वाट मोकळी करीत. तरीही बंद दारांतून आपत्ति आंत शिरलीच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत मार्ग इतका उद्ध्वस्त झाला कीं गाडी पुनः चालू होण्यास २००७ साल उजाडलें, आणि तेंच मार्गाचें शंभरावें वर्ष होतें. २०१९ च्या पावसानें पुनः तोच प्रसंग आणला. नेरळाहून माथेरानापर्यंतची गाडी २२ ऑक्टोबर २०२२ रोजीं परत धावली. माथेरानांत मोटारींस बंदी असल्यामुळें हा खंड केवळ प्रवाशांच्या गैरसोयीचा नव्हता. गांवास लागणारें सामान घोड्यांच्या आणि हमालांच्या पाठीवर येत राहिलें. दुरुस्तींत भर पडला तो तारेच्या जाळींत दगड भरून बांधलेल्या भिंतींवर. दरड पडल्यावर ती हलविण्यापेक्षां ती पडूंच नये, असा त्यामागील विचार दिसतो.

हिमालयांत मात्र निवड दोहोंपैकीं एकाची राहिलेली नाहीं. १९६० सालीं स्थापन झालेली सीमा सडक संघटना झोजीला घाट उघडतांना बुलडोझर आणि बर्फ फेकणारीं यंत्रें बरोबरच नेते.

माथेराननेंही मध्यम मार्ग काढला आहे. अमन लॉज ते माथेरान हा वरचा तुकडा बहुतेक सपाटीवरून जातो. त्याच्या डोक्यावर उतार नाहीं. २०१२ पासून तेवढ्याच अंतरांत स्वतंत्र गाडी चालते. पावसाळ्यांत खालचा घाट मिटतो, प्रवासी मोटारीनें दस्तुरीपर्यंत येतात आणि तेथून चिखल तुडवीत या छोट्या गाडींत बसतात. खालीं जुम्मापट्टीच्या अंगाला रूळ ओल्या गवतांत पडून असतात, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पहार घेऊन येणाऱ्या माणसांची वाट पाहत.