कॉर्डलेस ड्रिल
बॅटरीवर चालणारे, हातात धरून भोक पाडण्याचे व स्क्रू पिळण्याचे यंत्र. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे पहिले ड्रिल आणले. मोटरचा वेग गिअरमुळे कमी होतो आणि पीळ वाढतो. बिट पकडणाऱ्या चकच्या मागच्या कड्यावर ठरवलेली पिळाची मर्यादा गाठली की क्लच कटकट करीत सुटतो, म्हणून स्क्रूचा माथा खराब होत नाही. मोठी सुधारणा बॅटरी आणि मोटरमध्ये झाली. लिथियम-आयनमुळे वजन घटले. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रशचे घर्षण व ठिणग्या नसल्याने एका चार्जिंगवर काम जास्त होते. तोलाकडे मात्र खरेदीदार पुरेसे पाहत नाहीत. मुठीच्या तळाशी बसवलेली बॅटरी पुढचे वजन सावरते, मनगट कमी थकते. काँक्रीटसाठी हॅमरची सोय असलेलेच ड्रिल घ्यावे.