कासवाचे डोळे सुजतात तेव्हा

मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे कासव काही महिने उत्साहाने पोहते, खाते आणि घरातील मुलांचे आवडते होते. मग एके दिवशी ते डोळे मिटून कोपऱ्यात बसलेले दिसते. ते झोपले असावे, अशी घरच्यांची समजूत होते. प्रत्यक्षात पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्यामुळे त्याला डोळे उघडताच येत नसतात. कासव आपले अन्न मुख्यतः पाहून शोधते. दिसेनासे झाले की त्याचे खाणे थांबते आणि खाणे थांबले की आजार बळावतो. कासव उपाशी दीर्घकाळ तग धरते, त्यामुळे दुखणे लक्षात येईपर्यंत अनेकदा फार उशीर झालेला असतो.

शहरी घरांत सर्वाधिक आढळणारे हे कासव 'रेड-इअर्ड स्लायडर' या जातीचे असते. डोळ्यामागील लाल पट्ट्यावरून ते ओळखता येते. मूळचे ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तेथील उथळ पाणी, भरपूर ऊन आणि विविध आहार यांवर त्याचे शरीर पोसलेले असते. काचेच्या पेटीत या तिन्हींपैकी जे कमी पडते, त्याची पहिली खूण बहुधा डोळ्यांवर उमटते.

लक्षणे कशी ओळखावीत?

निरोगी कासवाचे डोळे स्वच्छ, चमकदार व पूर्ण उघडे असतात. डोळ्यांतील पाणी नाकात उतरवणारी अश्रुनलिका कासवांना नसते. त्यामुळे पाण्याबाहेर असताना डोळा किंचित ओलसर दिसला, तर तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. पापण्या फुगणे, डोळे लाल होणे, पुढच्या पायाने ते वारंवार चोळणे, बुबुळावर पांढुरका पडदा दिसणे किंवा पापणीखाली पिवळसर पांढरा घट्ट थर साचणे ही मात्र आजाराची लक्षणे होत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. म्हणूनच तो आपोआप वाहून जात नाही आणि नुसत्या औषधाच्या थेंबांनी विरघळतही नाही.

प्रथम पाणी तपासावे

कासव ज्या पाण्यात खाते, त्यातच मलमूत्र विसर्जन करते. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया वाढतो व त्याने डोळ्यांची आग होते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले, तरी अमोनिया असू शकतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने तो मोजता येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही डोळ्यांना झोंबते. असे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून किंवा क्लोरिन घालवणारे द्रावण मिसळून वापरावे. गाळणयंत्र असल्यास दर आठवड्याला निदान एक चतुर्थांश पाणी बदलावे. गाळणयंत्र नसलेल्या लहान पेटीतील सर्व पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलणे आवश्यक असते. अन्न वेगळ्या टबात देण्याची सवय लावली, तर पाणी बरेच स्वच्छ राहते. केवळ पाण्यामुळे त्रास होत असेल, तर सुधारणा केल्यावर काही दिवसांत डोळे निवळू लागतात.

आहारातील उणीव

लहान कासवांच्या दोन्ही पापण्या एकाच वेळी सुजल्या असतील, तर 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची शंका प्रथम घ्यावी. या जीवनसत्त्वावाचून डोळ्यांच्या ग्रंथींचे नाजूक अस्तर जाड व शुष्क होते. मृत पेशींचा कचरा ग्रंथींत साठतो, पापण्या फुगतात आणि त्यावर जंतूंचा संसर्ग होतो. श्वसनमार्गाचे अस्तरही असेच बिघडते. त्यामुळे सुजलेल्या डोळ्यांबरोबर नाकातून बुडबुडे येणे किंवा कानाच्या जागी गाठ उठणे हे प्रकारही दिसतात.

याचे मूळ बहुधा वाळवलेल्या झिंग्यांच्या बरणीत असते. पिल्लाच्या यकृतात उपजत असलेला जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांत संपतो आणि नुसत्या वाळवलेल्या झिंग्यांतून तो पुन्हा भरत नाही. कासवांसाठी तयार केलेले चांगल्या प्रतीचे दाणेदार खाद्य, यकृतासह अख्खे लहान ताजे मासे, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि हिरवा पाला असा मिश्र आहार द्यावा. कासव मोठे होईल तसे आहारातील वनस्पतींचे प्रमाण वाढवावे. खारवलेली सुकी मासळी, पाव आणि भात टाळावा.

ऊन, ऊब आणि दिवे

थंड पडलेल्या कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते. पेटीतील पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि ऊन खाण्याची कोरडी जागा ३० ते ३२ अंशांच्या आसपास असावी. पुणे, नाशिकसारख्या शहरांत हिवाळ्याच्या रात्री पाणी बरेच गार होते, तेथे हीटर लावणे आवश्यक ठरते. हाडे व कवच यांच्या बळकटीसाठी 'यूव्हीबी' प्रकारचे अतिनील किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडचे ऊन पुरेसे होत नाही. उलट, अतिनील दिवा फार जवळ किंवा थेट डोळ्यांसमोर लावला, तर त्याच किरणांनी डोळे सुजतात. नवा दिवा लावल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असल्यास दिवा तात्पुरता बंद करून त्याचे अंतर उत्पादकाच्या सूचनेनुसार तपासावे.

एकाच डोळ्याला त्रास असेल, तर वाळूचा कण, खरचटणे किंवा दुसऱ्या कासवाचा चावा यांची शक्यता अधिक असते. अशा वेळी कासवाला लगेच वेगळे ठेवावे.

घरी काय करावे, काय टाळावे?

औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक सलाइन किंचित कोमट करून डोळ्यांवर थेंबथेंब सोडावे. चिकटलेल्या पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि साचलेला थर कापसाच्या काडीने किंवा नखाने खरवडू नये. कासवाला उबदार व कोरड्या जागी ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा उथळ कोमट पाण्यात सोडावे. स्लायडर पाण्यातच अन्न गिळते, त्यामुळे ते कायमचे कोरडे ठेवणेही घातक ठरते.

घरातील माणसांसाठी आणलेले डोळ्यांचे औषध कासवाला घालू नये. त्यात स्टिरॉइड असल्यास बुबुळावरील जखम चिघळते. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या वा इंजेक्शन स्वतःहून दिल्यास मात्रा अधिक होऊन कातडी सोलून निघू शकते. कुत्र्यांना व गुरांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक तर कासवांसाठी प्राणघातक आहे.

पाणी व ऊब सुधारूनही दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे. कासव खात नसेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, एका बाजूला कलून पोहत असेल किंवा बुबुळ पांढरे झाले असेल, तर एक दिवसही थांबू नये. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली.

कायदा आणि जबाबदारी

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव, तसेच आपल्या नद्या-तळ्यांतील देशी कासवे पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असे कासव आजारी आढळल्यास घरी उपचार न करता वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. याउलट, स्लायडर कंटाळा आला म्हणून तलावात सोडणेही अयोग्य. ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते आणि जगातील शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

नाण्याएवढे हे पिल्लू पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगू शकते. ते ओरडत नाही, कण्हत नाही. त्यामुळे डोळे मिटून बसलेले कासव झोपले आहे असे गृहीत न धरता, रोज खाऊ घालताना त्याच्या डोळ्यांकडे क्षणभर पाहणे, हाच त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.