बार्शी रोड : एका खर्चयादीचा कालनिर्णय

आमच्या संग्रहीं देशी कागदावरील एक मोडी खर्चयादी आहे. मुंबईहून आषाढीच्या वारीस गेलेल्या कोणा गृहस्थाची ती आहे. तींत तिथ्या आहेत; परंतु शक नाहीं, वारही नाहीं. खोपवलीपावेतों आगगाडीचें भाडें, पुढें घाट चढण्यास डोली, खंडाळ्यास पुन्हा आगगाडी, पुण्यास मुक्काम, आणि त्यापुढें आम्हीं ‘बारसी रोख’ असें वाचलेलें कलम. नंतर बैलगाडीचें भाडें व आषाढ शुद्ध १० स पंढरपूर. यावरून हा गृहस्थ वाट वांकडी करून बार्शीस श्रीभगवंताच्या दर्शनास गेला व तेथें त्यानें रोख रक्कम दिली, असें टिपण आम्हीं यादीस जोडिलें. आणि तें बरींच वर्षें तसेंच राहिलें.

तें चुकीचें आहे. अंत्याक्षर पुसट आहे खरें. पण भिंगाखालीं पाहतां तो ‘ख’ नसून ‘ड’ आहे, आणि ‘बारसी रोड’ म्हणजे बार्शी नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेकडे निघालेला मार्ग १८५८ सालीं दिकसाळपावेतों व १८५९ च्या ऑक्टोबरांत बार्शी रोडपावेतों खुला झाला. बार्शीची पेठ व्यापाराची, म्हणून स्टेशनास नांव तिचें मिळालें. पण तेथून बार्शी वीस-एकवीस मैल दूर. नाशिक रोड, अक्कलकोट रोड हीं नांवें याच जातीचीं. अलंकारशास्त्रांतील गंगेवरच्या गवळवाड्याप्रमाणें येथेंही लक्षणाच मानावी लागते: रस्ता म्हणजे रस्ता नव्हे, तर तो जेथून फुटतो तें ठिकाण. जवळचें गांव कुर्डू, आणि त्याची वाडी ती कुर्डुवाडी. पुढें स्टेशनासही तेंच नांव रूढ झालें. ‘वाडी’ हा शब्द ‘वाटिका’ शब्दापासूनचा व लहानपणा दाखविणारा; पण रुळांच्या सांध्यामुळें येथें लेक आईहून मोठी झाली.

आतां काळाविषयीं. स्टेशनाचें नांव आल्यामुळें यादी १८५९ च्या आषाढानंतरची ठरते. घाटांतील डोलीचें कलम त्याहूनही मोलाचें आहे. खोपवलीस १८५६ त व खंडाळ्यास १८५८ त गाडी आली. मधला बोरघाट उतारूंस पायीं, तट्टावर किंवा डोलींतून ओलांडावा लागे. घाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं, आषाढीपूर्वींच, सुरू झाला. त्यानंतरही कोणी हौसेनें डोलींत बसला असेल अशी शंका निघेल. पण पुण्याची गाडी सरळ मिळत असतां खोपवलीचें भाडें भरून तेथें उतरण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तेव्हां शके १७८२, १७८३ व १७८४ या तीनच आषाढी उरतात. यादींत एक वार जरी लिहिला असता तरी त्यांतून एक निवडतां आली असती.

बैलगाडीचें कलम या निर्णयास अनुकूल असलें तरी एकटें दुबळें आहे. कॅलथ्रॉप यांनीं उभारलेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी बार्शीस १८९७ सालीं पोंचली, पंढरपुरास १९०६ सालीं. तोंपर्यंत बार्शी रोडास उतरलेल्या वारकऱ्यास पुढील तीसएक मैल बैलगाडीनें किंवा पायींच जावें लागे. केवळ त्या कलमावर विसंबलों असतों तर शेंचाळीस आषाढींचा घोळ शिल्लक राहता. ती लहान गाडी १९५४ सालीं सरकारकडे आली, आणि आतां तो अरुंद रूळही राहिला नाहीं.

ज्यांच्या दप्तरांत वारीच्या, लग्नाच्या किंवा कापूसखरेदीच्या याद्या असतील, त्यांनीं ‘बारसी’ या नांवापुढील शब्द पुन्हा एकवार पाहावा, अशी विनंति आहे. आमच्या यादीस आम्हीं नवें टिपण जोडिलें आहे. जुनें फाडलें नाहीं. त्यावर केवळ रेघ ओढिली आहे.