शिशुगृहांतील मलमूत्रविषयक संगोपन

शिशुगृहांतील मलमूत्रविषयक संगोपन : शिशुगृहात, पाळणाघरात अथवा बालवाडीत ठेवलेल्या लहान मुलांचे लंगोट बदलणे, त्यांचे अंग स्वच्छ करणे आणि त्यांना शौचाच्या सवयी लावणे, या कामांचा समावेश यात होतो. घरी हे काम आई, आजी किंवा मोठी बहीण सहजतेने करीत असते. अनेक मुले एकत्र असली आणि सांभाळणारी माणसे थोडी असली, की त्याच कामातून दोन प्रश्न उभे राहतात. एका मुलाचा संसर्ग दुसऱ्यास होऊ नये, हा पहिला. आणि घाईच्या यांत्रिक कामात मुलाच्या देहाची व मनाची अवहेलना होऊ नये, हा दुसरा. शिशुगृहांच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाकडे लवकर लक्ष गेले. दुसऱ्याची दखल घेण्यास सु. शंभर वर्षे लागली.

प्रारंभ : आधुनिक शिशुगृहाचा उगम पॅरिसमध्ये झाला. फीरमँ मार्बो (१७९८–१८७५) याने १४ नोव्हेंबर १८४४ रोजी तेथील शायो भागात मजूर स्त्रियांच्या दोन वर्षांखालील मुलांसाठी पहिले शिशुगृह उघडले. आया दिवसातून ठराविक वेळी येऊन मुलांना अंगावर पाजीत. मूल सकाळी स्वच्छ करून आणावे, अशी आईकडून अपेक्षा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगजंतूंविषयीचे ज्ञान वाढले, तेव्हा शिशुगृहांत शुभ्र चादरी, उकळलेले कपडे व धुतलेल्या फरशा यांना प्राधान्य मिळाले. रोम येथे १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी काढलेल्या बालगृहातही मूल अस्वच्छ पाठविल्यास त्यास काढून टाकण्यात येईल, असा नियम होता. मात्र हातपाय धुणे, कपडे घालणे ही कामे मुलांनी स्वतः करावयास शिकणे, हा तेथील शिक्षणाचाच एक भाग होता.

भारतातील परिस्थिती : भारतीय घरांत लंगोट, दुपटी व जुन्या मऊ वस्त्रांची बाळोती वापरण्याची पद्धत होती. मूल काही महिन्यांचे झाले, की आई दोन्ही पावलांवर त्यास बसवून शी-शू करवून घेई. ही पद्धत मुलाच्या हालचालींची खूण ओळखण्यावर आधारलेली असल्याने, ज्यास मुलाचा निकट परिचय आहे त्यासच ती साधे. कापडगिरण्यांत कामास जाणाऱ्या स्त्रियांना ती शक्य नव्हती. मुंबईतील अनेक गिरणीकामगार स्त्रिया मुले दिवसभर निजून राहावीत म्हणून त्यांना अफू देत असल्याचे १९२०–३० या दशकात नमूद झाले आहे. ओल्या बाळोत्यात गुंगीत पडलेले मूल हे या प्रश्नाचे अत्यंत दारुण रूप होय.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी हवेशीर व स्वच्छ खोली आणि प्रशिक्षित स्त्रीची देखरेख आवश्यक ठरविली. मुलांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय करण्याविषयी नियम करण्याचा अधिकारही राज्य शासनांस दिला. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांची ही संख्यामर्यादा तीसवर आणली. २०१७ साली मातृत्व लाभ अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिशुगृहाची सोय बंधनकारक केली व मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी व पुढे कोसबाड येथे चालविलेल्या बालवाड्यांत आणि अंगणवाड्यांत मुलांची शारीरिक स्वच्छता हा दैनंदिन कार्यक्रमाचा भाग होता.

संसर्ग व प्रतिबंध : विष्ठेतून तोंडावाटे पसरणारे रोग लंगोटातील मुलांच्या गटात झपाट्याने फैलावतात. १९७३ साली शोध लागलेला रोटाव्हायरस, आमांशाचे जंतू व जिआर्डिया ही त्याची उदाहरणे होत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या पाहणीत अ-प्रकारच्या यकृतशोथाची साथ विशेषेकरून दोन वर्षांखालील मुले घेणाऱ्या शिशुगृहांशी निगडित आढळली. या वयाच्या मुलांत कावीळ क्वचितच दिसत असल्याने आजार घरातील मोठ्या माणसांत प्रकटल्यावरच लक्षात येई. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, कर्मचारी व मुले यांच्या हात धुण्याचा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या शिशुगृहांत अतिसाराचे प्रमाण इतर शिशुगृहांच्या सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसून आले. एकदा वापरून टाकावयाच्या लंगोटांमुळे धुण्याचे श्रम वाचले. परंतु हात धुण्याची आवश्यकता त्यामुळे कमी झाली नाही, आणि कचऱ्याचा नवा प्रश्न निर्माण झाला.

यावरून सर्वत्र मान्य झालेली कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे : लंगोट बदलण्याची जागा स्वयंपाक व भोजन यांच्या जागेपासून वेगळी असावी, लागणारे सर्व साहित्य आधी हाताशी घ्यावे, म्हणजे उंचावर ठेवलेल्या मुलास क्षणभरही सोडावे लागत नाही, अंग पुढून मागे पुसावे, घाण कपडे झाकणाच्या भांड्यात टाकावेत, शेवटी मुलाचे व स्वतःचे हात साबणाने धुवावेत आणि जागा पुसून निर्जंतुक करावी.

शौचशिक्षण : अमेरिकेत शासनातर्फे १९१४ पासून प्रसिद्ध होणाऱ्या बालसंगोपन-पुस्तिकेने आरंभी पहिल्या वर्षातच शौचाची वेळ बांधून देण्याचा सल्ला दिला होता. पूर्व जर्मनीतील शिशुगृहांत लहान मुलांना एका रांगेत भांड्यांवर एकाच वेळी बसविण्याची प्रथा होती. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदींवरून, मूल स्वतः तयारीची चिन्हे दाखवू लागल्यावरच शौचशिक्षण सुरू करावे, असे प्रतिपादिले. झुरिक येथे दोन पिढ्यांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही, शिक्षण लवकर व कसोशीने सुरू केल्याने मलमूत्रावरील ताबा लवकर येतो असे आढळले नाही. रागावणे, इतरांसमोर लाजविणे किंवा भांड्यावर जबरीने बसवून ठेवणे यांमुळे मूल मल रोखून धरते व बद्धकोष्ठ जडतो.

मुलाचा सन्मान : या विचारास पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय हंगेरियन बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लेर (१९०२–८४) यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, बूडापेस्टमधील लोत्सी रस्त्यावर त्यांनी निराधार अर्भकांसाठी बालगृह स्थापन केले. संस्थांत वाढणारी मुले अन्न व स्वच्छता मिळूनही खुरटतात, हे तत्कालीन अनुभवास आले होते. पिक्लेर यांनी लंगोट बदलणे, आंघोळ व भरविणे याच वेळा मूल व परिचारिका यांच्यातील नात्याचा आधार मानल्या. परिचारिकेने मुलाशी बोलावे, पुढे काय करणार ते सांगावे, पाय उचलण्यापूर्वी त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी आणि काम अर्धवट टाकून उठू नये, असा तेथील दंडक होता. शक्यतो एकाच परिचारिकेकडे मुलाची देखभाल असे. हे निवासी बालगृह २०११ साली बंद झाले. तथापि त्याची पद्धती अनेक देशांतील शिशुगृहांनी स्वीकारली आहे.

या कामाचा दर्जा अखेरीस ते करणाऱ्या व्यक्तीच्या स्थितीवर अवलंबून असतो. विष्ठेशी संबंध असलेले काम हलके मानण्याच्या रूढीमुळे ते बहुधा सर्वांत कमी वेतनाच्या मदतनीस स्त्रीवर सोपविले जाते. तिच्याकडे मुले फार असल्यास व पाणी, साबण आणि वेळ अपुरा असल्यास हात धुणेही राहते आणि मुलाशी बोलणेही. म्हणून स्वच्छता व सन्मान ही परस्परविरोधी उद्दिष्टे नसून, पुरेशी माणसे, प्रशिक्षण व योग्य वेतन या एकाच पायावर ती दोन्ही उभी आहेत.