खुला घेताना मुलं सोडावी लागतात का? आईचा हिजानतचा हक्क

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खुल्याची बैठक बसली की बऱ्याचदा एक अट पुढे येते. नवरा म्हणतो, "सोडतो, पण मुलं माझी." बाईला सुटका हवी असते, माहेरचे लोक हेलपाटे घालून थकलेले असतात, मौलाना आणि जमातीचे चार बुजुर्ग उठायच्या घाईत असतात. मग पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'मुलांवर आईचा कोणताही हक्क राहणार नाही' असं लिहिलं जातं आणि ती सही करते, नाहीतर अंगठा देते. महर तर आधीच माफ करून घेतलेला असतो. महिन्याभराने तीच बाई विचारते, आता माझी पोरं मला कधीच मिळणार नाहीत का?

मिळू शकतात. तो कागद आपल्याला वाटतो तेवढा पक्का नाही, ना शरीयतमध्ये, ना कोर्टात.

आधी शरीयतचं बघू. लहान मुलाला जवळ ठेवून वाढवण्याच्या हक्काला हिजानत म्हणतात आणि त्यात पहिला नंबर आईचा आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एका बाईची हकीकत आहे. तलाकनंतर नवरा मूल काढून घेऊ पाहत होता. तिने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे येऊन सांगितलं की या मुलाला मी पोटात वाढवलं, दूध पाजलं, मांडीवर खेळवलं. प्रेषितांनी निर्णय दिला की दुसरा निकाह करत नाही तोवर मुलावर तिचाच हक्क जास्त आहे. हजरत उमर (रजि.) यांचाही प्रसंग प्रसिद्ध आहे. तलाक दिलेल्या बीवीपासून झालेला त्यांचा मुलगा आसिम कुबाच्या मशिदीत खेळताना त्यांना दिसला आणि ते त्याला घेऊन निघाले. मुलाच्या नानीने वाटेत गाठून अडवलं. वाद खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेला. त्यांनी मूल नानीच्या बाजूला सोडायला सांगितलं आणि हजरत उमर (रजि.) यांनी त्यावर उलट शब्द काढला नाही. बैठकीत मिशीला पीळ देणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आता खुल्याच्या अटीकडे येऊ. हनफी फिकहच्या ग्रंथांत हा मसला स्पष्ट आहे. मूल बापाकडे राहील या अटीवर खुला झाला, तर खुला लागू होतो आणि अट रद्द होते. कारण हिजानतमध्ये मुलाचाही हक्क आहे, आणि मुलाचा हक्क आई परस्पर देऊन टाकू शकत नाही. महर सोडायचा की नाही हा तिचा प्रश्न, पण मूल म्हणजे महर नव्हे. आपल्या दोन्ही तालुक्यांतली बहुतेक घरं हनफी आहेत, तरी ही गोष्ट बैठकीत क्वचितच कोणी बोलून दाखवतं.

दुसरा गैरसमज सात वर्षांचा. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. कोकणातले आपले भाऊबंद शाफई. त्यांच्याकडे समज आलेल्या मुलाला कोणाकडे राहायचं ते विचारण्याची पद्धत आहे, तिलाही हदीसचा आधार आहे. आई नसेल किंवा सांभाळू शकत नसेल तर हक्क नानीकडे जातो, मग दादीकडे, पुढे बहीण, खाला, फूफी असा क्रम लागतो. आईने मुलाच्या नात्याबाहेरच्या माणसाशी निकाह केला तर हनफी मतानुसार तिची हिजानत थांबते, पण ती जाते नानीकडे. बाप लगेच उचलून नेऊ शकत नाही, हे लोक विसरतात.

माहेरी मूल नेण्याबद्दलही फकीहांनी विचार केला आहे. बाप सकाळी निघून, मुलाला भेटून, त्याच दिवशी घरी परतू शकेल इतकं अंतर असेल तर हरकत नाही. शिवाय निकाह जिथे झाला त्या आपल्या मूळ गावी आई मूल नेऊ शकते. निमगाव केतकी किंवा भिगवणची मुलगी बारामतीत दिली असेल तर दोन्ही बाबी तिच्या बाजूने आहेत. "पोरगं तालुक्याबाहेर न्यायचं नाही" या धमकीला शरीयतचा आधार नाही.

मात्र हिजानत वेगळी आणि विलायत वेगळी. मूल आईजवळ असलं तरी वली बापच राहतो. निकाहचे आणि मालमत्तेचे निर्णय त्याच्याकडे. १९१८ साली इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मुस्लिम आई अज्ञान मुलाची मालमत्ता स्वतःच्या अधिकारात विकू शकत नाही. म्हणून सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणून आईचं नाव लागलं असलं तरी तेवढ्यावर मुलाच्या हिश्श्याचा व्यवहार करू नये. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते.

खर्च मात्र बापावरच. कुरआनने सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आणि मुलावरून आईलाही त्रास देऊ नये, बापालाही देऊ नये, असं बजावलं. सुप्रीम कोर्टाने १९९७च्या नूर सबा खातून निकालात हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं. तलाकशुदा आईकडे असलेल्या मुलांना सज्ञान होईपर्यंत आणि मुलींना लग्न होईपर्यंत बापाकडून खर्च मिळालाच पाहिजे. हा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मॅजिस्ट्रेटकडे होतो. आई इंदापूरला माहेरी राहत असेल तर इंदापुरातच करता येतो, त्यासाठी बापाच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

ताब्याचा वाद कोर्टात गेला की १८९०चा पालक व पाल्य कायदा लागू होतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे कोर्ट धर्माचा कायदा बघतं, पण मुलाचं हित बघून ठरवतं. वय, मुलगा की मुलगी, धर्म, सांभाळणाऱ्याचं चारित्र्य आणि मूल जाणतं असेल तर त्याची इच्छा, हे सगळं विचारात येतं. ताजं उदाहरण मराठवाड्याचं आहे. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या कोर्टाने नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा बापाला दिला होता. सात वर्षं पूर्ण झाली, आता मुलगा माझा, असं बापाचं म्हणणं होतं. आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे मुलाशी स्वतः बोलले, त्याचा ओढा आईकडे असल्याचं त्यांना दिसलं आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी मूल आईकडे दिलं. वैयक्तिक कायदा आणि मुलाचं सुख आमनेसामने आले तर मुलाचं सुख वरचढ, असा त्या निकालाचा अर्थ. तेव्हा सातवा वाढदिवस झाला म्हणून शाळेच्या दारातून मुलगा उचलून न्यायचा परवाना कोणाला मिळत नाही. उलट आईकडे आहे म्हणून प्रत्येक वेळी आईच जिंकेल असंही धरून चालू नये. मुलाची हेळसांड होत असेल तर तेही कोर्ट बघतं.

नवऱ्याने एका दमात तीन तलाक दिले असतील तर गोष्ट आणखी वेगळी. २०१९च्या कायद्याने तो तलाक रद्द धरला आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ६ नुसार अज्ञान मुलांचा ताबा मॅजिस्ट्रेटकडे मागण्याचा हक्क बाईला आहे.

जमातीच्या निवाड्याबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. २०१४ साली विश्व लोचन मदन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फतवा किंवा दारुल कजाचा निर्णय कोणावर कायद्याने बंधनकारक नाही. दोघांना पटला तर पाळावा, आणि पटेल असा निवाडा देणारे बुजुर्ग आपल्याकडे आहेत. पण सहीचा कागद दाखवून घाबरवलं जात असेल तर घाबरायचं कारण नाही.

अर्ज, मूल नेहमी जिथे राहतं त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. पुण्याचं कौटुंबिक न्यायालय शहरासाठी आहे. आपल्या बाजूचं काम बारामतीच्या जिल्हा व सत्र न्यायालयात चालतं. इंदापूरकरांनी अर्ज टाकण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारून घ्यावं. बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, १५१०० या नंबरवर फोन करूनही चौकशी होते. मूल कोणी नेलंच असेल तर पोलीस ठाण्यात भांडत बसण्यापेक्षा कलम १२ खाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज त्याच आठवड्यात करावा. दिवस जातील तसं मूल तिथे रुळतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच दाखवतो. जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या आणि खुलानाम्याची प्रत आईने स्वतःजवळ ठेवावी. खुलानाम्याची प्रत बायकांना बहुतेक वेळा दिलीच जात नाही. ती मागून घ्या.

आणि कागद करायचाच असेल तर त्यात मुलांवरचा हक्क सोडल्याचं लिहू नका. मूल कोणाकडे राहील, महिन्याला किती रक्कम कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यावर येईल, अब्बा कोणत्या रविवारी भेटतील, आणायला-सोडायला कोण येईल, उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस दादीकडे जायचं, रमजान ईद कुठे आणि बकरी ईद कुठे, हे लिहा.