खाद्यप्रथिनांची ॲलर्जीजनकता आणि प्राणिप्रतिमाने

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्यालय. यंत्रमागाबरोबर कुक्कुटपालन हा तेथील एक प्रमुख व्यवसाय. तेथील शेडमधून रोज बाहेर पडणाऱ्या अंड्याच्या पांढऱ्या भागात जेवढे प्रथिन असते, त्यापैकी निम्म्याहून अधिक एकट्या ओव्हाल्ब्युमिनचे असते. नव्या खाद्यप्रथिनाची ॲलर्जीजनकता प्राण्यांवर तपासताना तुलनेचे माप म्हणून जगभर बहुधा हेच प्रथिन घेतात. या मापनाचे स्वरूप, रीती आणि मर्यादा यांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

1. संज्ञा

अन्नापासून होणाऱ्या बाधेचे तीन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत. (अ) विषबाधा : पुरेशी मात्रा पोटात गेल्यास ती कोणालाही होते. (आ) असहनीयता : पचनातील उणिवेमुळे होते, उदाहरणार्थ, दुधातील शर्करा न पचणे. (इ) ॲलर्जी : एरवी निरुपद्रवी असलेल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारसंस्था उठते तेव्हा होते. तिसऱ्या प्रकारातही इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, या प्रतिपिंडामुळे होणारी ॲलर्जी एवढाच येथील विषय आहे. हे प्रतिपिंड 1966-67 च्या सुमारास ओळखले गेले.

या ॲलर्जीच्या दोन अवस्था आहेत. पहिली संवेदीकरणाची : प्रथिनाशी संपर्क येऊन त्याविरुद्ध आयजीई तयार होते व मास्ट पेशींवर जाऊन बसते, या अवस्थेत बाह्य लक्षण दिसत नाही. दुसरी उद्रेकाची : तेच प्रथिन पुन्हा आल्यावर मास्ट पेशींतून हिस्टॅमीन आदी द्रव्ये बाहेर पडतात व पित्त उठणे, उलटी, दम लागणे, क्वचित रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसतात. ज्या प्रथिनात पहिली अवस्था घडविण्याचे सामर्थ्य आहे, ते ॲलर्जीजनक होय. कोणतेही प्रतिपिंड निर्माण करणे एवढ्याने हे सामर्थ्य सिद्ध होत नाही. आयजीई निर्माण झाले पाहिजे.

2. प्राण्याची आवश्यकता

तपासणीचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. प्रथिन ज्ञात ॲलर्जीकारक अन्नातून आलेले असेल, तर त्या अन्नाची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचे रक्तद्रव उपलब्ध असते. त्यातील आयजीई प्रथिनाला चिकटते का, हे नळीत पाहता येते. प्रथिन मानवी आहाराला सर्वस्वी नवे असेल, तर असा रुग्ण अस्तित्वातच नसतो. मग दोन अप्रत्यक्ष कसोट्या उरतात. पहिली रचनासाम्याची : 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात ज्ञात ॲलर्जीकारकाशी 35 टक्क्यांहून अधिक साम्य आहे का. दुसरी पचनाची : पेप्सिनपुढे प्रथिन किती काळ टिकते. दोन्ही कसोट्या प्रथिनाचे गुण सांगतात. त्या प्रथिनाला जिवंत शरीर काय उत्तर देईल, ते सांगत नाहीत. माणसाला मुद्दाम संवेदित करणे निषिद्ध आहे. म्हणून संवेदीकरण आरंभापासून पाहण्यासाठी प्राणी लागतो.

3. प्राण्यांचे प्रकार

(अ) बाल्ब-सी उंदीर : आयजीई निर्मितीकडे आनुवंशिक कल, सर्वाधिक वापर. (आ) सी-3-एच उंदीर : शेंगदाण्याविरुद्ध तीव्र उद्रेक दाखविणारे प्रतिमान याच कुळात उभे राहिले. (इ) ब्राउन नॉर्वे रॅट : प्रतिकारसंस्थेला चेतविणाऱ्या साहाय्यक द्रव्याशिवाय, तोंडावाटे दिलेल्या प्रथिनानेही संवेदित होतो. (ई) ॲलर्जीप्रवण कुत्रा व डुकराचे पिल्लू : त्यांची लक्षणे माणसाच्या जवळची, पण खर्च व कालावधी मोठा.

4. प्रयोगाचे टप्पे

पहिला टप्पा आहारशुद्धीचा. प्राणी जे प्रथिन लहानपणापासून खातो, त्याविषयी त्याच्या शरीरात मुखीय सहिष्णुता निर्माण होते, म्हणजे प्रतिकारसंस्था त्याविरुद्ध उठत नाही. 1911 साली वेल्स व ऑस्बर्न यांनी गिनीपिगांवर ती दाखविली. म्हणून ज्याची परीक्षा, ते प्रथिन प्राण्याच्या आणि शक्यतो त्याच्या आईच्याही खाद्यात असता कामा नये. सोयापेंडयुक्त खाद्यावर वाढलेल्या उंदरावर सोयाबीनची परीक्षा व्यर्थ होय.

दुसरा टप्पा संवेदीकरणाचा. येथे मार्ग, मात्रा व साहाय्यक द्रव्य या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. 1998 मध्ये निप्पल्स व सहकाऱ्यांनी ब्राउन नॉर्वे रॅटला 42 दिवस रोज 1 मिलिग्रॅम ओव्हाल्ब्युमिन नळीने जठरात दिले. आयजीई तयार झाले. ही एकूण मात्रा 42 मिलिग्रॅम, म्हणजे एका अंड्यातील ओव्हाल्ब्युमिनच्या सुमारे चाळीस-पंचेचाळिसाव्या भागाइतकी. तेच प्रथिन पिण्याच्या पाण्यातून दिले असता आयजीई जवळजवळ उमटले नाही. प्राणी व प्रथिन तेच असून केवळ देण्याच्या रीतीने उत्तर बदलले. उंदरांत मुखीय सहिष्णुता मोडण्यासाठी बहुधा कॉलऱ्याच्या जंतूचे विष साहाय्यक म्हणून जोडावे लागते. ते स्वतःच प्रतिकारसंस्थेला आयजीईकडे ढकलते, हे विसरता येत नाही.

तिसरा टप्पा उद्रेकाचा : मोठी मात्रा एकदाच देऊन लक्षणांची श्रेणी, शरीराचे घटलेले तापमान, रक्तातील हिस्टॅमीन व मास्ट पेशींची विकरे मोजतात. चौथा टप्पा तुलनेचा : शेंगदाणा व ओव्हाल्ब्युमिन यांसारखी प्रबळ आणि बटाट्यातील ॲसिड फॉस्फटेजसारखी दुर्बल प्रथिने त्याच परिस्थितीत देऊन नव्या प्रथिनाचे स्थान ठरवितात. चौथा टप्पा नसेल, तर पहिल्या तिन्हींचे आकडे अर्थहीन राहतात.

5. दोषांचे दोन प्रकार

मिथ्या नकार. ब्राझील नटमधील 2-एस अल्ब्युमिन जनुकबदलाने सोयाबीनमध्ये आणले गेले होते. त्या प्रथिनाविषयीच्या आधीच्या प्राणिप्रयोगांतून धोक्याची सूचना मिळाली नव्हती. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या 9 व्यक्तींपैकी 8 जणांच्या आयजीईने ते प्रथिन ओळखले. ते सोयाबीन बाजारात आले नाही.

मिथ्या होकार. घेवड्यातील अल्फा-अमायलेज रोधक हे प्रथिन जनुकबदलाने वाटाण्यात घातल्यावर उंदरांत प्रतिक्रिया दिसली, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2005 मध्ये नोंदविले व तो प्रकल्प थांबला. 2013 मध्ये दुसऱ्या गटाने दाखविले की उंदरांची तशीच प्रतिक्रिया साध्या घेवड्याला व अपरिवर्तित वाटाण्यालाही मिळते. पहिल्या प्रसंगी माणसाच्या रक्तद्रवाने प्राण्याचे उत्तर दुरुस्त केले. दुसऱ्या प्रसंगी व्यापक तुलनेने.

6. भारतीय व्यवहार

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणतीही एक कसोटी पुरेशी नाही. सर्व पुराव्यांचे एकत्रित वजन करावयाचे असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2008 मध्ये हीच दृष्टी स्वीकारली. जालन्याच्या महिको कंपनीच्या जनुकबदल केलेल्या बीटी वांग्याच्या तपासणीत ब्राउन नॉर्वे रॅटवरील ॲलर्जी परीक्षेचा समावेश होता. जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने 14 ऑक्टोबर 2009 रोजी अनुकूल मत दिले. 9 फेब्रुवारी 2010 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. कृष्णाकाठी वांगे हे रोजच्या जेवणातले. अशा ठिकाणी विषबाधेची परीक्षा आणि ॲलर्जीची परीक्षा यांतील भेद लोकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. एकीच्या निष्कर्षाने दुसरीचे उत्तर मिळत नाही.

हरभऱ्याचे उदाहरण उलट दिशेचे आहे. पाटील, निफाडकर व बापट यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील अभ्यासात हरभरा हा भारतीयांतील महत्त्वाचा ॲलर्जीकारक ठरला. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत त्याच्या प्रथिनांची परीक्षा बाल्ब-सी उंदरांवर झाली. येथे माणसाचा पुरावा आधी व प्राण्याचा नंतर आला. प्रतिमानाची विश्वसनीयता अशाच क्रमाने सिद्ध होते. तरीही 2020 च्या लेबल नियमांतील ॲलर्जीकारकांच्या यादीत शेंगदाणा, सोयाबीन, अंडे आहेत, हरभरा नाही.

7. निष्कर्ष

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्राणिप्रतिमान प्रथिनांचा सापेक्ष क्रम लावते. सुरक्षिततेचा निर्णय देण्याचा अधिकार त्याला नाही. दोन, तो क्रम प्राण्याचे कूळ, पूर्वाहार, मार्ग व तुलनाप्रथिने या चार गोष्टी सांगितल्यावाचून वाचता येत नाही. तीन, ज्या प्रयोगात या चारांपैकी एकही गोष्ट ढिली राहते, त्यात प्राण्याचा जीव जातो आणि ज्ञान मिळत नाही. म्हणून काटेकोरपणा ही येथे शास्त्राची व दयेची एकच अट आहे. उद्या एखादे नवे प्रथिन विट्याच्या बाजारात पिठातून, डाळीतून वा भाजीतून आले आणि ते प्राण्यांवर तपासले आहे असे कोणी सांगितले, तर कोणता प्राणी, काय खाऊन वाढलेला, कोणत्या मार्गाने दिले आणि कशाशी तुलना केली, हे चार प्रश्न ग्राहकाने विचारावेत. चारही उत्तरे हाती आल्याखेरीज ‘तपासले आहे’ या विधानाला पुराव्याचे मूल्य येत नाही.