दुसरी वेलांटी

केडगावला तुम्ही उतरता आणि मागे वळून पाहता, तर पुण्याहून तुम्हाला घेऊन आलेली गाडी गायब. रुळांवर फक्त कोळशाचा धूर. बैलगाडीवाला वेळ सांगत नाही, पण १९२१चा डिसेंबर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन’ म्हणताच तो बैलांना टिटकारी देतो.

आवारात शिरताच जात्याची घरघर आणि पाढे म्हणणाऱ्या मुलींचा गलका कानावर पडतो. तुम्ही शाईच्या वासामागे जाता. छापखान्यात सगळ्या बायकाच. तिशीतली एकजण खिळ्यांच्या पेटीपुढे उभी आहे. तिची बोटं न बघता खण शोधतात.

“हात रिकामे का?” असं म्हणून ती तुमच्या हातात खिळे जुळवायची स्टिक देते. शब्द सांगते, “धीर.”

खिळ्यावरचं अक्षर उलटं. तुम्ही चाचपडत वेलांटी लावता, ध, मग र. ती नुसत्या नजरेने वाचते आणि चिमट्याने एक खिळा उचलते. “पहिली नाही, दुसरी वेलांटी. धीराची वेलांटी दीर्घ.”

१८९७ साली ती आठ वर्षांची होती. मध्य प्रांतात दुष्काळ पडला, घरचं कोणी उरलं नाही. पंडिता रमाबाई तिकडून जवळपास तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून मुली या माळावर आल्या. “पहिले कित्येक दिवस मी भाकरी उशाखाली लपवायचे,” ती सांगते. “उद्या मिळेल यावर भरवसाच नव्हता.”

दारातून पलीकडची खोली दिसते. पांढरं लुगडं, आखूड कापलेले पांढरे केस, प्रूफावर वाकलेली मान. तुमची चाहूल रमाबाईंना लागत नाही. त्यांना आता कमी ऐकू येतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या पंधराहून अधिक वर्षं बायबल मराठीत आणताहेत, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, मग भाऊ. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. हे सारं १८८३च्या बाप्तिस्म्याआधीचं. बाप्तिस्म्यानंतर दुःखाने पाठ सोडली असंही नाही. शाळेचा भार वाहणारी एकुलती एक लेक मनोरमा याच जुलैत वारली.

“तरी काम थांबलं नाही?” तुम्ही विचारता.

ती खिळे जुळवतच बोलते. “नव्या कराराच्या वेळी पौलाचं रोमकरांना पत्र मी जुळवलं. त्यात क्रम आहे. संकटातून धीर, धीरातून माणूस कसाला उतरतो आणि मग आशा. मला वाटलं, माझीच ओळ चुकली. आधी आशा हवी, तेव्हा ना धीर धरता येईल! प्रूफाशी ताडून पाहिलं. बरोबर होती.” पुढे म्हणते, “भाकरी लपवणं कधी सुटलं ते मला कळलंसुद्धा नाही. रोज जेवायला बसत गेले, एवढंच.”

संध्याकाळी घंटा होते. प्रार्थनेला बसलेल्या बायका एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत बोलू लागतात. एक शब्द वेगळा काढता येत नाही. कुणी रडतंय, कुणी देवाशी चक्क भांडतंय. जागेवरून मात्र कुणी उठत नाही.

प्रार्थनेनंतर पुन्हा छापखाना. तुम्हाला पुढचं माहीत आहे. ५ एप्रिल १९२२ला बाई जातील. संपूर्ण बायबल १९२४ला बाहेर पडेल, ते त्यांच्या हाती पडणार नाही. हे तिला सांगावं का, असा विचार तुम्ही करता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तपासलेलं प्रूफ येतं. समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या आहेत. एका ठिकाणी फक्त वेलांटी बदललेली.

ती दिव्याची वात वर करते, चिमटा पुसते आणि म्हणते, “धरा स्टिक. अजून एक पान होईल.”